आयपी लॉमध्ये एलएलएम करायचंय, पण सायन्सची डिग्री नाही

अर्धविराम
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

बीए अर्थशास्त्र, मग एलएलबी, त्यानंतर तीन वर्षं करारांचं काम. मागच्या महिन्यात सॉफ्टवेअरच्या एका करारात नेहमीचं कलम टाकलं: या कामातून निर्माण होणारे सर्व बौद्धिक संपदा हक्क ग्राहकाकडे जातील. हे कलम मी आजवर पन्नासेक वेळा तरी चिकटवलं असेल. समोरच्या प्रोग्रामर मुलीने शांतपणे विचारलं, "सर्व म्हणजे कोणते? मी आधीपासून वापरते ती माझी तयार कोडची लायब्ररीसुद्धा गेली का?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण देतानाच कळत होतं की आपण हवेत बोलतोय.

तेव्हापासून आयपीत, म्हणजे बौद्धिक संपदेच्या कायद्यात, एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करायचं मनात आहे. पण ऑफिसातले सीनियर म्हणतात, सायन्स नाही तर आयपीच्या नादाला लागू नकोस. दुसरे म्हणतात, डिग्री कशाला, काम करता करता शिकशील. तिसरे म्हणतात, करायचंच तर बाहेर जाऊन एक वर्षाचं कर. तिघांचंही एकाच वेळी पटतंय, हीच अडचण आहे. जाणकारांनी लिहावं.

तळटीप
आधी एक ठरवा. पेटंट लिहायचंय की पेटंटवर भांडायचंय?

लिहायचं असेल, म्हणजे शोध लावणाऱ्याशी बोलून अर्ज तयार करायचा आणि पेटंट कार्यालयापुढे चालवायचा, तर तुमचे सीनियर बरोबर आहेत. अमेरिकेत पेटंट बारच्या परीक्षेला तांत्रिक पार्श्वभूमी लागते, युरोपियन पात्रता परीक्षेलाही लागते, भारतात पेटंट एजंटच्या परीक्षेलाही विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. गंमत म्हणजे या परीक्षांना कायद्याची पदवी लागत नाही. मी स्वतः मेकॅनिकलवाला, एलएलबी नाही, आणि बारा वर्षं हेच करतोय.

पण कोर्टात पेटंटचा दावा लढवायला, लायसन्सचे करार करायला, किंवा कॉपीराइट, ट्रेडमार्क, डिझाइन, ट्रेड सीक्रेट यातलं काहीही करायला सायन्स लागत नाही. तुमचं ते कलम तर सरळ कॉपीराइट आणि लायसन्सचं प्रकरण आहे. पेटंट म्हणजेच आयपी हा गैरसमज आधी काढून टाका.

पाहुणा_काक
वाचनखूण साठवली. माझ्याकडे सायन्स आहे पण लॉ नाही, माझा धागा वेगळा काढू का? :)

कुंपण
मी तुमच्या दुसऱ्या सीनियरच्या बाजूचा. आठ वर्षं ट्रेडमार्क करतोय, एलएलएम नाही. वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) ॲकॅडमीचा प्राथमिक कोर्स ऑनलाइन फुकट आहे, तो केला. वायपो लेक्सवर देशोदेशीचे कायदे आहेत. पेटंटस्कोप आणि एस्पासनेटवर जगभरातले पेटंट अर्ज फुकट वाचता येतात. निकालपत्रं कोर्टांच्या साइटवर पडलेली आहेत. मग वर्षभर वर्गात बसून नेमकं काय मिळतं? सर्टिफिकेट आणि कर्ज.

खडूफळा
कुंपण, मिळतं काय ते एका तासिकेवरून सांगतो. गेली कित्येक वर्षं मी एलएलएमच्या पहिल्या पेटंट तासाला टोकाला खोडरबर असलेली साधी पेन्सिल घेऊन जातो.

१८५८ साली फिलाडेल्फियाच्या हायमन लिपमनने या पेन्सिलीचं पेटंट घेतलं. एका टोकाला शिसं, दुसऱ्या टोकाला खाचेत बसवलेलं रबर. पुढे जोसेफ रेकेनडॉर्फर नावाच्या माणसाने ते विकत घेतलं आणि फेबर कंपनीवर दावा लावला. १८७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंटच रद्दबातल ठरवलं.

मी वर्गाला एवढंच सांगतो आणि विचारतो, का? इंजिनिअर पोरं लगेच कोर्टावर चिडतात. आधी कोणी केलं नव्हतं ना? मग नवीन आहे ना? मग? वकील पोरं म्हणतात, यात शोध कसला, दोन वस्तू चिकटवल्या फक्त. दोघंही अर्धवट बरोबर. मग विचारतो, समजा मागे रबर बसवल्यामुळे पेन्सिलीचा तोल बदलला आणि अक्षर सुधारलं, तर? इथे वर्ग गप्प होतो.

कोर्टाने नेमकं तेच पाहिलं होतं. शिसं लिहितं, रबर खोडतं. एकत्र आल्यामुळे दोघांपैकी कोणीही आपल्या कामापेक्षा निराळं काही करत नाही. जोडणीतून नवा परिणाम निघत नाही, म्हणून ती शोध ठरत नाही. नवीन असणं आणि सहज सुचण्यासारखं नसणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. पण ते डोक्यात बसायला तुम्ही आधी चुकीच्या बाजूने तावातावाने भांडलेलं असावं लागतं, आणि एकट्याने लॅपटॉपपुढे बसून तसं भांडता येत नाही.

कुंपण
सर, पेन्सिल आवडली. पण त्यासाठी एक तास पुरला, वर्ष नाही.

सुरंगी
वर्षाचा हिशोब मी देते. मी आयपीत एलएलएम केलंय, सायन्स नाही, आधीची पदवी इतिहासाची.

माझा अर्धा वेळ एकाच प्रश्नात गेला असं म्हटलं तरी चालेल: कष्ट केले म्हणजे कॉपीराइट मिळतो का? अमेरिकेत १९९१ चा फाइस्टचा निकाल. रूरल नावाच्या टेलिफोन कंपनीने आपल्या डिरेक्टरीत चार खोट्या नोंदी पेरून ठेवल्या होत्या, चोरी पकडायला. फाइस्टच्या डिरेक्टरीत त्या चारही सापडल्या. म्हणजे नक्कल झाली हे रंगेहाथ सिद्ध. तरी रूरल हरली! कारण वर्णानुक्रमे लावलेल्या नाव-गाव-नंबरात सर्जनाचा किमान अंशही नाही, घाम कितीही गाळलेला असो. मला हे वाचून आधी रागच आला होता.

मग युरोपातलं २००९ चं इन्फोपॅक कंपनीचं प्रकरण. वृत्तपत्रं स्कॅन करायची, ग्राहकाला हवा तो शब्द शोधायचा, त्याच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच शब्द छापून द्यायचे. अकरा शब्द! न्यायालय म्हणालं, या अकरा शब्दांत लेखकाची स्वतःची बौद्धिक निर्मिती उतरलेली असेल तर तेवढीही नक्कल ठरू शकते. भारतात २००७ साली, निकालपत्रं छापणाऱ्या प्रकाशकाच्या मोडक प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने मधली वाट धरली. निकालपत्राचा मूळ मजकूर कोणाचाच नाही, त्यातल्या टायपाच्या चुका दुरुस्त केल्याने तो तुमचा होत नाही. पण संपादकांनी विचारपूर्वक पाडलेले परिच्छेद, कोणत्या न्यायाधीशाचं कोणाशी पटलं वा पटलं नाही याच्या खुणा, यांना संरक्षण आहे.

तीन ठिकाणं, तीन मापं, आणि प्रत्येकाच्या मागे कॉपीराइट कशासाठी आहे याची वेगळी कल्पना. कुंपण, हे सगळं नेटवर आहे, मान्य. पण नोकरीत असताना हरलेल्या बाजूचा युक्तिवाद मन लावून वाचायचा पगार मला कधी कोणी दिला नाही. त्या वर्षात मी फक्त तेच केलं.

कुंपण
हे मात्र खरंय. माझ्याकडे येणारा क्लायंट फक्त 'मिळेल की नाही' एवढंच विचारतो.

अर्धविराम
सुरंगीताई, रूरलचं वाचून मलाही राग आला :) म्हणजे त्या चार खोट्या नोंदींचा काहीच उपयोग झाला नाही?

सुरंगी
नक्कल झाली हे सिद्ध करायला झाला. पण जे कॉपी झालं ते मुळात संरक्षित आहे का, हा प्रश्न वेगळा. नक्कल आणि उल्लंघन हे दोन शब्द वेगळे ठेवायची सवय लागणं, हीच माझी पहिल्या सत्राची कमाई. तुमच्या प्रोग्रामर मुलीचंही तसंच आहे. तिची जुनी लायब्ररी 'या कामातून निर्माण' झालीच नाही, म्हणून तुमच्या कलमातून ती जात नाही. पण तिच्याशिवाय नवं सॉफ्टवेअर चालणार नसेल, तर ग्राहकाला लायब्ररीचं लायसन्स लागेल, आणि ते तुमच्या कलमात कुठे लिहिलंय?

अर्धविराम
नाही लिहिलंय. पन्नासही वेळा नाही.

तळटीप
सायन्स नसलेल्यांनी पेटंटला घाबरू नये म्हणून एक खेळ देतो. क्लेम, म्हणजे पेटंटात नेमकं काय आपलं ते सांगणारं वाक्य, वाचायचा खेळ.

समजा जगात खुर्ची नाहीये आणि तुम्ही तिचं पेटंट घेताय. क्लेम असा: बैठक, बैठकीला जोडलेली पाठ आणि बैठकीखाली चार पाय यांचा समावेश असलेलं आसन. आता मी पाच पायांची खुर्ची केली. उल्लंघन झालं का?

बहुतेक जण म्हणतात, नाही, पाच पाय आहेत. चूक. पाच पायांत चार पाय आहेतच, आणि 'समावेश असलेलं' म्हटलं की वर आणखी काही असलं तरी चालतं. पण हाच क्लेम 'केवळ यांचंच बनलेलं' असा लिहिला असता, तर पाचवा पाय लावून मी सुटलो असतो. आणि तीन पायांची खुर्ची केली, तर साध्या वाचनाने पहिल्या क्लेमातूनही सुटलो. मग ज्याने अर्ज लिहिला त्याला तुम्ही विचाराल, बाबा, 'चार' कशाला लिहिलंस? 'किमान तीन' लिहायचं होतंस. तर तो म्हणेल, तीन पायांचं स्टूल आधीपासून होतं, अर्ज फेटाळला जाईल म्हणून घाबरलो. स्टुलाला पाठ नसते, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

सगळी पेटंटची लढाई या एका शब्दाच्या आसपास चालते. जास्त मागितलंत तर जुन्या गोष्टी कुंपणात येतात आणि पेटंट उडतं, कमी मागितलंत तर शेजारी कुंपणाबाहेरून आरामात जातो. यात केमिस्ट्री कुठे आली? वाक्य नीट वाचता येणाऱ्या वकिलाला हे माझ्यासारख्या इंजिनिअरपेक्षा लवकर जमतं, हे मी पाहिलंय.

पाहुणा_काक
कुंपण यांचं नाव विनाकारण मध्ये आलं.

कुंपण
माझ्या नावाचं ट्रेडमार्क घ्यावं लागणार.

खडूफळा
तळटीप यांच्या म्हणण्याला एक उदाहरण जोडतो. २०१३ चा नोव्हार्टिस या औषध कंपनीचा निकाल बघा. वस्तू काय, तर इमॅटिनिब मेसिलेटचं बीटा क्रिस्टलाइन रूप. नाव वाचूनच कलाशाखेची मुलं पान उलटतात. पण भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढचा निर्णायक प्रश्न होता एका शब्दाचा: पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मध्ये 'परिणामकारकता' म्हटलंय, तिचा अर्थ काय? औषध शरीरात जास्त शोषलं जातं हे पुरेसं आहे, की रोग बरा करण्याची ताकद वाढलेली दाखवावी लागेल? न्यायालयाने दुसरा अर्थ घेतला आणि पेटंट नाकारलं. हा अर्थ लावायला रसायनशास्त्र जेवढं लागतं तेवढं अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आठवड्यात समजून घेऊ शकते. उलट या कलमामागची स्पर्धा, किंमत आणि मक्तेदारीची चर्चा तिला माझ्या इंजिनिअर पोरांपेक्षा आधी कळेल.

अर्धविराम
सर, हे वाचून जरा धीर आला. आता कोर्स कसा निवडायचा तेही सांगा ना. माहितीपत्रकं सगळी सारखीच वाटतात. सगळीकडे 'उद्योगाभिमुख'.

सुरंगी
माहितीपत्रक ठेवा बाजूला. शिकवणाऱ्यांची यादी काढा आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी काय लिहिलंय ते वाचा. तुम्हाला ज्या विषयात डोकं घालायचंय त्यावर तिथे एकही माणूस लिहीत नसेल तर इमारत कितीही देखणी असो, जाऊ नका.

ठिकाणांचे स्वभाव वेगळे असतात. म्युनिकचा एमआयपीएलसीचा कोर्स मॅक्स प्लांक संस्थेच्या सहभागाने चालतो, तिथे आयपीला स्पर्धा कायदा जोडलेला आहे, आणि वर्गात शास्त्रज्ञ, इंजिनिअरही असतात. स्ट्रासबर्गची सीपी (सीईआयपीआय) ही संस्था पेटंट व्यावसायिक घडवण्यासाठी प्रसिद्ध. लंडनच्या क्वीन मेरीत वाणिज्य कायद्याची मोठी परंपरा. ट्युरिन विद्यापीठाचा एलएलएम वायपोबरोबर चालतो, तिथे जगभरातून मुलं येतात. न्यू हॅम्पशायरचं फ्रँकलिन पिअर्स अमेरिकेतलं जुनं आयपीचं ठिकाण.

आणि 'एलएलएम इन आयपी' नाव असलेला कोर्स आणि साधं एलएलएम घेऊन आयपीचे चार विषय निवडणं, यातला फरक नोकरी देणारे फारसा बघत नाहीत, असा माझा अनुभव. प्रबंध कशावर केला हे मात्र विचारतात. मला तरी प्रत्येक मुलाखतीत विचारलं.

तळटीप
क्लिनिक आहे का बघा. म्हणजे खरे अर्ज, खरे शोधक. माझ्याकडे एक संशोधक आले होते, परिषदेत पोस्टर लावून झाल्यावर. सगळं रंगीत, आकृतीसकट. म्हणाले, आता पेटंट घेऊ. अमेरिकेत स्वतः उघड केल्यापासून वर्षभराची सवलत असते, तिथे करता आलं. युरोपात नव्यपणाचा नियम कडक, आपणच आधी दाखवलं तरी ते आपल्याच विरुद्ध जातं. तो दरवाजा बंद झाला होता. हे त्यांना सांगताना समोर बसायला लागतं, तेव्हा कायदा लक्षात राहतो.

कुंपण
प्रबंधाचा विषय निघालाच आहे तर सुरंगी, तुमचा कशावर होता?

सुरंगी
विचारायलाच हवं होतं का :) पहिला आराखडा होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉपीराइट: आव्हाने व संधी'. मार्गदर्शकांनी समासात तीनच प्रश्न लिहून परत केला. कोणत्या देशात? कोणाचा कॉपीराइट? कोणती कृती? मला वाटलं, झापलंय. नंतर कळलं की तिन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

दोन महिने त्यात गेले. तोपर्यंत मी माकडाच्या सेल्फीचा २०१८ चा अमेरिकी निकाल, डॅबस नावाच्या यंत्राला शोधक म्हणून लावू पाहणारी प्रकरणं, सगळं गोळा करून बसले होते. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डॅबसबाबत सांगितलं की शोधक माणूसच हवा. गोळा केलेलं सगळं रंजक, पण डॅबस पेटंटचं आणि माझा विषय कॉपीराइटचा! एकाच खोक्यात भरलं होतं. शेवटी विषय एवढाच उरला: सर्च इंजिनने तयार केलेल्या छोट्या उताऱ्यांना इन्फोपॅकची कसोटी कशी लावायची. अकरा शब्दांवर चौदा हजार शब्द लिहिले.

पाहुणा_काक
हे वाक्य फ्रेम करून लावतो.

खडूफळा
विषय निवडताना मी मुलांना सांगतो, कायद्यात लिहिलेलं आहे पण वापरात येत नाही अशी जागा शोधा. एक देतो. ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ३१(फ) प्रमाणे सक्तीच्या परवान्यावर (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय सरकारने दिलेल्या परवान्यावर) बनवलेलं औषध मुख्यतः त्या देशाच्या बाजारासाठीच हवं. मग ज्या देशात कारखानाच नाही त्याने काय करायचं? २००१ ला जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा बैठकीत हा प्रश्न मान्य झाला, २००३ ला तात्पुरती सूट मिळाली, आणि तिचंच कायम रूप, कलम ३१ बिस, २०१७ च्या जानेवारीत अमलात आलं. एवढ्या खटपटीनंतर ही वाट चालून औषधं प्रत्यक्ष पोचली ती एकदाच: कॅनडाहून रवांडाला, एचआयव्हीची. का? कागदपत्रं जास्त? निर्यातदाराला परवडत नाही? की परवाना देण्याची नुसती धमकीच किंमत खाली आणायला पुरते? अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला यात पाय रोवायला जागा आहे.

कुंपण
सर, याला म्हणतात उजेड पाडणं. मी माझा 'सर्टिफिकेट आणि कर्ज' हा शेरा अर्धा मागे घेतो. कर्जाचं म्हणणं कायम. तीन वर्षांचा अनुभव हाताशी आहे तर आधी वायपोचा तो फुकट कोर्स करा, सोबत रोज एक निकालपत्र वाचा, असं सहा महिने. त्यानंतरही भूक राहिली तर जा. नाही राहिली तर वर्ष वाचलं.

सुरंगी
+१. आणि निकालपत्र पूर्ण वाचा, सारांश नाही. विरोधी मताच्या न्यायाधीशासकट.

अर्धविराम
सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस लिहिलं नाही कारण वाचत होते. वायपोचा कोर्स सुरू केलाय. नोव्हार्टिस पूर्ण वाचला, दोनदा. ते करारातलं कलम बदललं, आधीपासूनच्या लायब्ररीसाठी लायसन्सची वेगळी ओळ घातली, आणि त्या प्रोग्रामर मुलीला नवा मसुदा पाठवला. तिने फक्त 'ठीक' लिहिलं, पण मला फार बरं वाटलं.

अर्ज पुढच्या वर्षासाठी करतेय. रवांडाचा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून प्रस्तावाची पहिली ओळ लिहून बघितली. फाडा:

"ट्रिप्सच्या कलम ३१ बिसखाली आयात करू पाहणाऱ्या देशाने द्यावयाच्या सूचनेची अट, सक्तीच्या परवान्याच्या वापरात अडथळा ठरते का?"

सुरंगी
देश आहे, कृती आहे, हक्क आहे. माझ्या पहिल्या आराखड्यापेक्षा कैक पटीने बरं.

खडूफळा
छान. एक शंका. 'सक्तीचा परवाना' म्हणताय, पण कलम ३१ मध्ये सरकारने स्वतः किंवा सरकारच्या वतीने कोणी केलेला वापरही येतो. तो मुद्दाम वगळलाय का?

अर्धविराम
मुद्दाम नाही सर. लक्षातच आलं नव्हतं. पुन्हा लिहिते.